तिकीट काढण्याआधी दिवस मोजा: ब्रिटनचा पीआर आणि आपल्या भारतवाऱ्या

मिल्टन कीन्सला राहणाऱ्या ओळखीतल्या एका मुलीचा रविवारी सकाळी फोन आला. "दादा, बाळंतपणाला माहेरी गेले होते ना, तेव्हा सात महिने राहिले. आता पीआरला काही अडचण येईल का हो?" ती नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये इथे आली. पहिलंच बाळ, इथे हाताशी कोणी नाही, आई कोल्हापुरात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात जो निर्णय झाला असता, तोच त्यांच्याही घरात झाला. १० फेब्रुवारी २०२२ ला ती गेली आणि १० सप्टेंबरला बाळाला घेऊन परतली. विमानात किती महिन्यांपर्यंत बसू देतात, बाळाचा व्हिसा कधी टाकायचा, थंडी सुरू व्हायच्या आत कसं परतायचं, सगळ्याचा विचार झाला होता. फक्त दिवस कोणी मोजले नव्हते. आम्ही फोनवरच मोजले तेव्हा २११ भरले. कोणत्याही बारा महिन्यांत देशाबाहेर राहण्याची मर्यादा आहे १८० दिवसांची.

असे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात, आणि जवळजवळ सगळे वेळ टळून गेल्यावर येतात. म्हणून हा लेख नुकतंच ब्रिटनमध्ये आलेल्यांसाठी आहे. ज्याला आपण सगळे पीआर म्हणतो, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, त्याचं इथलं नाव इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे आयएलआर. पगार, इंग्रजीची अट, लाइफ इन द यूके परीक्षा यांची तयारी शेवटच्या वर्षात करता येते. दिवसांचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतो आणि मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

पहिली पायरी: आपण कोणत्या मार्गावर आहोत ते ओळखा

गैरहजेरीचा नियम सगळ्यांना सारखा नाही. स्किल्ड वर्कर आणि हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर असाल, तर पात्रतेच्या काळात, म्हणजे पीआरआधीच्या पाच वर्षांत, कोणत्याही सलग बारा महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहायचं नाही. नवरा किंवा बायको डिपेंडंट असेल तर त्यांनाही हाच नियम, आणि त्यांचे दिवस त्यांचे स्वतंत्र मोजले जातात. ११ जानेवारी २०१८ च्या आधीच्या नियमांखाली व्हिसा मिळालेल्या डिपेंडंटांना ही मर्यादा नव्हती. त्यामुळे जुनी मंडळी "डिपेंडंटला काही नसतं गं" असं मनापासून सांगतात. त्यांच्यासाठी ते खरं होतं, तुमच्यासाठी नाही.

शिकायला येऊन पुढे नोकरीला लागलेल्यांनी लक्षात ठेवावं की स्टुडंट आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ स्किल्ड वर्करच्या पाच वर्षांत धरत नाहीत. तो दहा वर्षांच्या लाँग रेसिडन्स मार्गात धरतात. त्या मार्गाचा गैरहजेरीचा नियम ११ एप्रिल २०२४ ला बदलला. आधी पूर्ण दहा वर्षांत मिळून ५४८ दिवस आणि एका वेळी १८४ दिवस अशी मर्यादा होती. त्या तारखेनंतरच्या काळासाठी इथेही कोणत्याही बारा महिन्यांत १८० हाच हिशेब आहे.

ब्रिटिश नागरिकाशी लग्न करून जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना १८० चा आकडा लागू नाही. तिथे तुम्ही दोघं कायमचं इथेच एकत्र राहणार आहात ना, हे पाहतात. फार काळ बाहेर राहिलात तर त्याचं कारण विचारलं जातं.

गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन स्विंडनसारख्या गावांत स्थायिक झालेल्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांच्याकडे बहुधा ईयू सेटलमेंट स्कीमचं, म्हणजे युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेचं, प्री-सेटल्ड स्टेटस असतं. सेटल्ड स्टेटस म्हणजे त्यांचा पीआर, हा त्याच्या आधीचा टप्पा. तिथे मूळ नियम कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांचा, पण बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण अशा महत्त्वाच्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येतं. शिवाय जुलै २०२५ पासून गेल्या ६० महिन्यांपैकी एकूण ३० महिने ब्रिटनमध्ये राहिलेल्यांनाही सेटल्ड स्टेटस मिळू शकतं. स्विंडनच्या मैत्रिणीचा सल्ला मिल्टन कीन्सला चालत नाही तो यामुळे.

इथून पुढे मी स्किल्ड वर्कर आणि त्यांचे डिपेंडंट यांनाच समोर धरून लिहितो.

दुसरी पायरी: दिवस कसा मोजतात ते नीट समजून घ्या

पूर्ण चोवीस तास देशाबाहेर गेलेला दिवसच गैरहजेरीत धरतात. ज्या दिवशी इथून निघालात तो दिवस आणि ज्या दिवशी इथे उतरलात तो दिवस, दोन्ही सोडून द्यायचे. समजा, शुक्रवारी १२ डिसेंबर २०२५ ला रात्री हीथ्रोहून निघालात आणि १० जानेवारी २०२६ ला परत हीथ्रोला उतरलात. १३ डिसेंबर ते ९ जानेवारी हे मधले २८ दिवस म्हणजे तुमची गैरहजेरी. दोन तारखांच्या वजाबाकीतून एक कमी केला की उत्तर मिळतं.

पुढे सांगितलेले मोजके अपवाद सोडले, तर कारण कोणतंही असो, दिवस तो दिवस. ऑफिसच्या कामासाठी क्लायंटकडे गेलात, मुलांच्या सुट्टीत स्पेनला गेलात, चुलतभावाच्या लग्नाला नाशिकला गेलात, सगळं एकाच बेरजेत जातं. सर्वात जास्त गैरसमज घरून काम करण्याबद्दल आहे. मॅनेजरने दोन महिने पुण्यातून काम करायची परवानगी दिली, पगार इथल्या खात्यात आला, कर इथे कापला गेला, तरी ते दोन महिने गैरहजेरीचेच. पगार कुठे जमा होतो हे हा नियम विचारत नाही, शरीराने तुम्ही कुठे होता ते विचारतो. बेलफास्टला गेलात तर तुम्ही ब्रिटनमध्येच आहात. डब्लिनला गेलात तर बाहेर आहात, मग पासपोर्टवर शिक्का बसो वा न बसो.

आणखी एक जागा हमखास निसटते. व्हिसा मंजूर झाल्याच्या तारखेपासून पाच वर्षं धरायची असतील, तर मंजुरी आणि ब्रिटनमध्ये पहिलं पाऊल यांमधले दिवसही गैरहजेरीत जातात. नोटीस पीरियड, घर आवरणं, देवदर्शन यांत कुणाकुणाचे दीड-दोन महिने जातात. त्यात पहिल्याच वर्षी लांबची भारतवारी झाली की आकडा भराभर चढतो.

तिसरी पायरी: सरकती खिडकी

आपलं मन वर्ष म्हटलं की जानेवारी ते डिसेंबर धरतं, नाहीतर व्हिसाच्या तारखेपासून एकेक वर्ष मोजतं. इथे तसं नाही. बारा महिन्यांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते आणि त्या प्रत्येक खिडकीत १८० च्या आत असावं लागतं.

एक उदाहरण घ्या. एक जण १४ सप्टेंबर २०२३ ला गणपतीसाठी निघाला, दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून थांबला आणि २४ डिसेंबरला परतला. मधले १०० दिवस झाले. पुढच्या वर्षी १ मे ला पुन्हा गेला, ३१ जुलैला आला. ९० दिवस. कॅलेंडर पाहिलं तर २०२३ मध्ये १०० आणि २०२४ मध्ये ९०, दोन्ही वर्षं मर्यादेच्या खूप आत. पण १४ सप्टेंबर २०२३ पासून बारा महिन्यांची खिडकी लावली की आत १९० दिवस सापडतात. हाच दुसरा प्रवास त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केला असता तर एकाही खिडकीत १८० भरले नसते.

यासाठी एक साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात निघाल्याची तारीख, दुसऱ्यात परतल्याची, तिसऱ्यात दिवस, चौथ्यात कारण. मग प्रत्येक परतीच्या तारखेपाशी थांबायचं आणि तिथून मागच्या बारा महिन्यांतले गैरहजेरीचे दिवस मोजायचे. जुना एखादा प्रवास त्या बारा महिन्यांत अर्धाच येत असेल, तर जेवढे दिवस आत येतात तेवढेच घ्यायचे. प्रत्येक परतीला ही बेरीज १८० किंवा त्याखाली असेल, तर मधल्या कोणत्याही दिवशी ती जास्त असू शकत नाही. एक्सेल येत नसेल तर वहीत करा. माझ्या घरी पहिली तीन वर्षं भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने खुणा होत्या आणि त्या पुरल्या.

नवा प्रवास ठरवताना तिकिटाच्या तारखा आधी या तक्त्यात भरून पाहायच्या आणि मग पैसे भरायचे. मी पंधरा-वीस दिवस हातचे राखायला सांगतो. भारतात गेल्यावर परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावणारं काहीतरी निघतंच.

चौथी पायरी: पुरावे तेव्हाच जमवा

ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. पाच वर्षांनी अर्जात सगळ्या प्रवासांच्या तारखा भरायची वेळ आली की लोक भारताच्या शिक्क्यांवर विसंबतात. त्यात एक दिवसाची चूक होते, कारण रात्री लंडनहून निघालात तर मुंबईचा शिक्का दुसऱ्या दिवसाचा असतो. विमानाची ई-तिकिटं आणि बोर्डिंग पास यांची एक ईमेल फाइल करून ठेवा. जुना पासपोर्ट नवीन आला तरी टाकू नका.

आठवणच राहिली नसेल तर होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट करून त्यांच्याकडची तुमच्या प्रवासाची माहिती मागवता येते. त्याला फी नाही. ती आली की आपल्या तक्त्याशी ताडून पाहा. दोन्हींत फरक असेल तर तो अर्जाआधी कळलेला बरा.

रजेचा एक वेगळाच धोका नोकरीच्या बाजूने येतो. बिनपगारी किंवा कमी पगाराची रजा एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त झाली, तर स्पॉन्सरला, म्हणजे तुमच्या कंपनीला, सहसा तुमची स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. मातृत्व, पितृत्व, आजारपण अशा काही रजा याला अपवाद आहेत. म्हणजे १८० पैकी ६० च दिवस वापरलेत, पण त्यातले ४० बिनपगारी असले, तर पीआरच्या आधी व्हिसाच अडचणीत येऊ शकतो. लांबच्या रजेआधी एचआरशी लेखी बोला.

जेव्हा जावंच लागतं

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. पंचवीस-अठ्ठावीस दिवसांच्या वार्षिक रजेवर जगणारा माणूस १८० च्या जवळ कधी पोहोचत नाही. मर्यादा ओलांडली जाते ती बाळंतपणात, नाहीतर आई-वडिलांच्या आजारपणात.

नियमात अपवाद आहेत. स्वतः अर्जदाराचा जिवावर बेतलेला आजार, जवळच्या नातेवाइकाचा तसा आजार किंवा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, युद्ध किंवा साथीमुळे प्रवास ठप्प होणं, या कारणांनी गेलेले दिवस १८० च्या मोजणीतून वगळले जाऊ शकतात. २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे कोविडमुळे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांत, होता आणि आपली कितीतरी माणसं तिकडे अडकली. दहा वर्षांच्या मार्गाने अर्ज करणाऱ्यांनी त्या काळाची रद्द झालेली तिकिटं अजूनही जपून ठेवावीत.

अपवाद आपोआप मिळत नाही. तो तुम्ही मागायचा आणि कागदांनी सिद्ध करायचा. रुग्णालयाचं पत्र इंग्रजीत घ्या. त्यात रुग्णाचं नाव, आजार, जिवाला धोका होता हे स्पष्ट वाक्य, दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख असावी. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, कारण त्यावर औषधांची नावं असतात, धोका किती होता ते नसतं. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा आणि फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. नातं दाखवायला तुमचा जन्मदाखला किंवा वडिलांचं नाव असलेला पासपोर्ट लागतो. रजेचा ईमेल आणि बदललेलं तिकीट हेही ठेवा. दुःखाच्या दिवसांत हे कागद मागायचं सुचत नाही, म्हणून बरोबरच्या भावाबहिणीला आधीच सांगून ठेवा.

सुखरूप झालेलं बाळंतपण या यादीत नाही. मातृत्व रजा कायदेशीर, नोकरीला धक्का नाही, पण माहेरी घालवलेले महिने १८० मध्ये मोजले जातात. आई किंवा बाळाच्या जिवावर बेतलं असेल तर तेवढ्या दिवसांसाठी अपवाद मागता येतो. म्हणून बाळंतपणाला भारतात जायचं ठरवलंत, तर जाण्याची आणि येण्याची तारीख दोन्ही आधी ठरवा, आणि बाळाच्या डिपेंडंट व्हिसाला लागणारा वेळ त्यात धरा. तिथे जन्मलेल्या बाळाला पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही झाल्याशिवाय इकडे आणता येत नाही. कोल्हापूरच्या त्या मुलीचे शेवटचे कितीतरी दिवस याच वाट पाहण्यात गेले होते. आई किंवा सासूबाईंनी इकडे सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येणं हा पर्याय खर्चाचा वाटतो, पण गैरहजेरीच्या दृष्टीने सर्वात निर्धोक तोच आहे.

एक माझं सांगतो. २०१९ मध्ये वडील मिरजेला अतिदक्षता विभागात होते. त्या बारा महिन्यांत माझे आधीच ८२ दिवस झाले होते. भावाचा फोन आला आणि मी ताबडतोब निघायच्या ऐवजी तीन दिवस तक्ता घेऊन बसलो, किती दिवस राहता येईल, अर्ज अडकेल का, याची वजाबाकी करत. पोहोचलो तेव्हा ते ओळखत होते, पण बोलणं थांबलं होतं. त्या तीन दिवसांत ते माझ्याबद्दल विचारत होते, असं आई म्हणाली. मला तेव्हा अपवादाचा नियम कोणी सांगितला नव्हता. तुमच्यावर अशी वेळ आली तर तिकीट काढा, निघा, आणि कागद जमवायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवा.

१८० ओलांडून गेलेच असतील तर

घाबरून अर्ज लपवाछपवी करून भरू नका. प्रवासाची नोंद होम ऑफिसकडे असते, आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका गैरहजेरीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

खिडकी पात्रतेच्या पाच वर्षांपुरतीच पाहिली जाते. त्यामुळे जास्तीचे दिवस अगदी सुरुवातीचे असतील, तर अर्ज काही आठवडे किंवा महिने पुढे ढकलून ते पाच वर्षांच्या बाहेर काढता येतात. त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. तिची पाच वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये भरत होती. नोंदणीकृत सल्लागाराने हिशेब तपासला आणि पात्रतेचा काळ १४ मार्च २०२२ पासून धरायला सांगितला, म्हणजे आतमध्ये बरोबर १८० दिवस उरतात. अर्ज चार महिने पुढे गेला. त्यासाठी व्हिसा वाढवावा लागणार, त्याची फी वेगळी आणि वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क, वेगळा. जास्तीचे दिवस तिसऱ्या-चौथ्या वर्षातले असते तर थांबणंही तेवढंच लांबलं असतं.

अशा वेळी फेसबुकच्या ग्रुपवर विचारून निर्णय घेऊ नका. सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेला सल्लागार गाठा. नोंद आहे की नाही हे त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. तासाभराच्या सल्ल्याचे पैसे फुकट गेलेल्या अर्जाच्या फीपेक्षा फार कमी असतात.

शेवटचे महिने

पाच वर्षं पूर्ण होण्याआधी जास्तीत जास्त २८ दिवस अर्ज करता येतो. त्याहून आधी केलात तर नाकारला जाण्याचा धोका असतो आणि फी परत मिळत नाही. आणि एकदा अर्ज टाकला की निर्णय येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही. ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं यांच्या बाहेर पाऊल टाकलंत तर तुम्ही अर्ज मागे घेतला असं मानतात. पासपोर्ट तुमच्याकडेच असतो, त्यामुळे हे विसरायला होतं. घरात लग्नकार्य असेल तर अर्जाची तारीख त्याच्या हिशेबाने ठरवा, किंवा जादा पैसे भरून लवकर निर्णयाची सेवा घ्या.

नियम बदलत आहेत, हेही ध्यानात ठेवा. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत पीआर मिळायला लागणारी मूळ मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या तपशिलांवर लोकांची मतं मागवली गेली. वरची सगळी उदाहरणं पाच वर्षांची आहेत. आपल्या तारखेला कोणता नियम लागू आहे हे अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर पाहूनच पुढे जा. मुदत लांबली तर गैरहजेरी सांभाळण्याची वर्षंही तेवढीच वाढतील, म्हणून तक्ता आजच सुरू करा.

पीआर मिळाल्यावर १८० ची मर्यादा संपते, पण सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलात तर पीआर रद्द होतो आणि परत यायला रिटर्निंग रेसिडंट व्हिसा मागावा लागतो. ईयू सेटल्ड स्टेटसला ही मुदत पाच वर्षांची आहे. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचं असेल तर मोजणी पुन्हा नव्याने होते: पाच वर्षांत ४५० दिवस, शेवटच्या बारा महिन्यांत ९०, आणि अर्जाच्या तारखेच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही ब्रिटनमध्ये हजर असायला हवं. तो एक दिवस भारतात गेला म्हणून अर्जाची तारीख बदलावी लागलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा पीआरचा ईमेल आला तरी तक्त्याची फाइल पुसू नका.